तळ नसलेल्या भूमीचें गणित

करकंबच्या वैशाखांत अंगणांतील मातीनें पाय पोळतात. हातभर खालीं मात्र ती गार लागते. ऊन किती खोल जातें, हें नातीस दाखविण्यासाठीं आम्हीं पाटीवर जमिनीचे समान थर आंखले. श्मिट यांच्या १९२४ च्या रीतीप्रमाणें, ठराविक कालांतरानें थराचें नवें उष्णतामान म्हणजे वरच्या व खालच्या थरांच्या उष्णतामानांची निम्मी बेरीज. चौथ्या थराखालीं आम्हीं उष्णता अडविणारा तळ मानला. ती मागें फिरली व उत्तर चुकलें.

“आजोबा, तिथें फरशी आहे का?” नातीनें विचारलें.

दोष तोच! कल्पित तळ इतका खोल न्यावा कीं, विचारांतील काळांत उष्णता तेथवर पोंचूंच नये. काळ चौपट, तर खोली दुप्पट. म्हणूनच वार्षिक उष्णतेची लाट दैनिक लाटेच्या सुमारें १९ पट खोल जाते. पाटी संपली म्हणून पृथ्वी संपत नाहीं.