वार पाळणाऱ्यांचं ताट

आपल्या भागात वशाट कमी खाणं काही नवं नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार-शुक्रवार देवीचे धरले की उरतात बुधवार आणि रविवार. त्यात एकादशी आली तर तेही गेले. श्रावण तर अख्खा कोरडा. उत्तरेत श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, पण मराठी आणि कन्नड दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो. म्हणून आमच्याकडची गटारी आणि शेजारच्या कन्नड घरातली नागर अमावास्ये एकाच दिवशी. दुसऱ्या दिवसापासून दोन्हीकडे भाकरी-झुणका, आणि भरली वांगी म्हणा की एण्णगायी.

वाराला सोडलं तर कुणी कारण विचारत नाही. रविवारी नको म्हटलं की विचारतात. माझ्या वर्गातल्या, मराठा घरातल्या एका मुलीनं मटण बंद केलं. व्रत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, नुसतं नको वाटलं. आत्या म्हणाली, "लिंगायत झालीस काय गं?" मुलीनं आजीकडं बोट दाखवलं. आजी माळकरी. स्वतः खात नाही, पण नातवंडांसाठी रस्सा तीच करते. चव न घेता मीठ घालते आणि ते नेमकं पडतं. तिला 'कोण झालीस' असं कधी कुणी विचारलेलं नाही.

उलट बाजूलाही हेच. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारनं बिदर, रायचूरसह सात जिल्ह्यांतल्या शाळांत मधल्या जेवणात अंडं सुरू केलं. नको असेल त्याला केळं. काही मठाधीशांनी विरोध केला, तरी २०२२ मध्ये योजना राज्यभर, म्हणजे आपल्या जिल्ह्यातही आली. केळ्याची सोय मला शहाणपणाची वाटते. पण जेवणाच्या रांगेत कुणी काय उचललं हे सगळ्यांना दिसतं, आणि शाकाहारी घरातल्या पोरानं अंडं घेतलं तर ते संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. पोराला भूक होती की हौस, हे कुणी विचारत नाही.

भाड्याच्या खोलीचं तर बोलायलाच नको. 'फक्त शाकाहारींना' असं लिहिलेलं असतं, पण विचारतात आडनाव. आडनाव कळलं की मटणाचा प्रश्न विचारावाच लागत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मास्तरांना अशीच खोली नाकारली. ते पंधरा वर्षं माळकरी आहेत. माळ शर्टाच्या आत होती. ती बाहेर काढून दाखवायला त्यांनी नकार दिला.