चीन : कायदा आणि पक्ष

चीनमध्ये राज्यघटना आहे, संसद आहे, न्यायालयेही आहेत. असे असूनही तेथील नागरिकाला शासनाविरुद्ध घटनेच्या आधारे न्यायालयात दाद का मागता येत नाही? आपण कॅथलिक भाविकांनी हा प्रश्न परका मानू नये. बिशपांच्या नेमणुकीसंबंधी याच राज्यव्यवस्थेशी व्हॅटिकनने करार केलेला आहे.

१९८२ च्या चिनी राज्यघटनेचे ३६वे कलम नागरिकांना धर्मश्रद्धेचे स्वातंत्र्य देते. परंतु राज्य संरक्षण देते ते केवळ ‘सामान्य’ धार्मिक कृत्यांना. सामान्य म्हणजे काय, हे घटना सांगत नाही; ते शासन ठरविते. घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकारही न्यायालयांना नसून संसदेच्या स्थायी समितीला आहे. २००१ साली सर्वोच्च लोकन्यायालयाने शिक्षणहक्काच्या एका खटल्यात घटनेचा आधार घेतला होता. तो निर्वाळा २००८ साली मागे घेण्यात आला.

न्यायालयांच्या कामात प्रशासन, सामाजिक संघटना वा व्यक्ती यांनी हस्तक्षेप करू नये, असे घटना म्हणते. या यादीत कम्युनिस्ट पक्षाचे नाव नाही, हे लक्षात घ्यावे. पोलीस, सरकारी अभियोक्ते व न्यायालये या तिन्हींवर पक्षाच्या राजकीय-विधी समित्यांची देखरेख असते. जानेवारी २०१७ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन अध्यक्ष झोउ च्यांग यांनीच न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याची पाश्चात्त्य कल्पना धुडकावून लावण्याचे जाहीर आवाहन केले. कायद्याचे राज्य आणि कायद्याच्या साधनाने चालविलेले राज्य यांतील अंतर ते हेच!

मार्च २०१८ मध्ये पक्षाचे नेतृत्व घटनेच्या पहिल्याच कलमात नमूद झाले. त्याच सुमारास धर्मविषयक कारभार मंत्रिमंडळाच्या अखत्यारीतून काढून पक्षाच्या ‘संयुक्त आघाडी कार्य विभागा’कडे सोपविण्यात आला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २२ सप्टेंबर २०१८ रोजी, व्हॅटिकनशी तात्पुरता करार झाला. २०२० व २०२२ मध्ये प्रत्येकी दोन वर्षांसाठी आणि २०२४ मध्ये चार वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण झाले. त्याचा मजकूर मात्र आजवर प्रसिद्ध झालेला नाही.

या कराराचे फळ नाकारता येणार नाही. पोपची संमती नसताना अभिषेक झालेल्या सात बिशपांना पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या पूर्ण ऐक्यात पुन्हा सामावून घेतले. तथापि एप्रिल २०२३ मध्ये बिशप शेन बिन यांची शांघाय धर्मप्रांतात बदली झाली, ती पोपच्या नेमणुकीवाचून. जुलैमध्ये धर्मप्रांताच्या हितासाठी पोप महोदयांनी तिला मान्यता दिली. याखेरीज काय करता आले असते? कराराचा भंग झाला तर ज्याच्याकडे दाद मागावी, असा स्वतंत्र न्यायाधीश चीनमध्ये नाही. जो पक्ष करार पाळतो, तोच त्याचा अर्थही लावतो.

म्हणून कराराला भाबडेपणाने विजय मानणे किंवा शरणागती म्हणून त्याची हेटाळणी करणे, दोन्ही अनुचित होय, असे आम्हांला वाटते. व्हॅटिकनचा हा संयमाचा मार्ग आहे, आणि त्याची किंमत चीनमधील भाविक दररोज मोजत आहेत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली चीनमधील ख्रिस्तसभेसाठी २४ मे हा प्रार्थनादिन ठरवून दिला. त्या दिवशी शेशानच्या मातेपाशी आपल्या या बंधुभगिनींसाठी प्रार्थना करताना, ते कोणत्या व्यवस्थेत श्रद्धा जपत आहेत, याची जाणीव आपण ठेवू या.