दादीची अट आणि ओयाकोदोन



या महिन्यात बिर्याणी नाही, खिचडाही नाही. जपानी भात आहे. नाव ऐकून पान उलटू नका, कारण लागणाऱ्या बहुतेक वस्तू तुमच्या घरात आत्ताही असतील.

आमची थोरली पुण्यात जपानी भाषा शिकते. आजारी आणि वृद्ध माणसांची सेवा करण्याच्या कामासाठी जपानला जायचं तिच्या मनात आहे. भारत आणि जपान यांच्यात 2021 च्या जानेवारीत कुशल कामगारांविषयी करार झाला, त्यात हे कामही आहे. आमचे हे राजी आहेत, आम्ही अर्ध्या राजी. पण इंदापूरला राहणाऱ्या दादींनी एकाच वाक्यात फाईल बंद केली, "वहाँ खाएगी क्या पोरी?"

प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून ठरवलं, जपानी माणसं घरी जे रोज खातात ते दादींच्याच चुलीवर करून दाखवायचं. रविवारी बारामतीहून सामान घेऊन निघालो.

या भाताला ओयाकोदोन म्हणतात. 'ओयाको' म्हणजे आई-बाप आणि मूल, 'दोन' म्हणजे कटोऱ्यातला भात. कोंबडी आणि तिचं अंडं एकाच कटोऱ्यात, म्हणून हे नाव. ऐकून धाकटा हसला, दादी हसल्या नाहीत.

खरी अडचण मिरिनची. जपानी स्वयंपाकात गोडी आणि चकाकीसाठी तांदळाचं हे पेय घालतात, आणि अस्सल मिरिनमध्ये साधारण 14 टक्के अल्कोहोल असतं. साके तर दारूच. थोरलीने पुण्याहून बाटली आणली होती, मागचं बारीक अक्षर वाचून आम्ही ती तशीच परत पाठवली. शिजताना उडून जातं, हे उत्तर आमच्या घरात चालत नाही. मग भवानीनगर, सणसरचा ऊस बघत जाताना सुचलं, आपल्याकडे काकवी आहे की! गोडी तीच, चकाकी तीच. सोया सॉस मात्र आंबवूनच करतात, त्यात आपोआप थोडं अल्कोहोल तयार होतं आणि काही कंपन्या वरूनही घालतात. यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत, आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावं. आम्ही हलाल शिक्क्याची बाटली घेतली.

तांदूळ बासमती नको. जपानी भात आखूड दाण्याचा, चिकट, काड्यांनी उचलता येणारा. आपला इंद्रायणी त्याला जवळचा.

चार-पाच माणसांसाठी दोन वाट्या इंद्रायणी धुऊन अर्धा तास भिजवा, साडेतीन वाट्या पाण्यात मऊ शिजवा, मीठ-तेल काही नको. हाडांचं सूप आधी काढून ठेवा, दीड वाटी पुरे. जपानी लोक इथे सुक्या मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी वापरतात, ते आम्हाला इंदापुरात कुठून मिळणार! पसरट कढईत सूप, चार चमचे सोया सॉस, दोन चमचे काकवी, दोन कांदे उभे चिरून आणि थोडं किसलेलं आलं उकळा. त्यात पावणेअर्धा किलो बिनहाडाच्या कोंबडीचे छोटे तुकडे टाकून आठ-दहा मिनिटं शिजवा, तुकडा कापून आत गुलाबी नाही ना ते बघा. मग पाच अंडी हलकेच फेटून वरून गोल फिरवत ओता आणि झाकण ठेवा. ढवळू नका, नाहीतर भुर्जी होईल. जपानमध्ये अंडं अर्धवट ओलं ठेवतात. दादींनी झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं, पूर्ण घट्ट झाल्याशिवाय गॅस बंद करू दिला नाही. आमचाही सल्ला तोच. गरम भातावर रश्श्यासकट घाला, वर पातीचा कांदा.

दस्तरखानावर पहिला घास दादींचा. "मिरची कुठंय?" एवढंच म्हणाल्या. ठेचा आला आणि कटोरा रिकामा झाला.

मग थोरलीने आपणहून खरं सांगितलं. तिथल्या साध्या हॉटेलात हाच कटोरा तिला खाता येणार नाही, कारण कोंबडी जबीहा नसते आणि रश्श्यात मिरिन असतं. हलाल मटण-चिकनची दुकानं मोठ्या शहरांत आहेत, कोबेमध्ये 1935 पासून मशीद आहे आणि ती उभारण्यात हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचाही हात होता. पण नेमणूक लहान गावात झाली तर पार्सलने मागवायचं आणि रोज स्वतः रांधायचं. आम्हाला वाटलं, आता झालं, सगळी मेहनत पाण्यात.

दादी बराच वेळ ठेच्याची वाटी फिरवत बसल्या. मग त्यांनी तिला विचारलं, "आज कोंबडी तू कापलीस की अम्मीने?" अम्मीनेच, म्हणजे आम्हीच. "मग पुढच्या रविवारी हिनेच सगळं करायचं. मी बघते."

पुढच्या रविवारचा भात थोडा करपला. त्याच्या पुढचा नाही.