कापलेल्या सेडानची बाजू

जुनी मोटार कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, असं मानणाऱ्या मंडळींना हॉट रॉडवाल्यांचा भयंकर राग येतो. १९३० च्या आसपासची फोर्ड सेडान घरच्या गॅरेजात ओढून आणायची, छत कापून बुटकं करायचं, इंजिन बदलायचं, पुढून जमिनीला टेकवायची आणि वर तिला सुंदर म्हणायचं! त्यांच्या मते हा वारशाचा खून आहे. मला तसं वाटत नाही. मरणपंथाला लागलेल्या सेडानला याहून चांगला आसरा क्वचितच मिळतो.

आधी वारशाचंच बघू. फोर्डने १९२७ ते १९३२ या काळात मॉडेल ए जवळजवळ ४८ लाख बनवल्या. त्यातली दोन दारांची टुडोर सेडान म्हणजे घरोघरची गाडी. आज अमेरिकेतल्या हौशी माणसाच्या हाती बहुधा लागतो तो शेतावरच्या कोठारामागे पडलेला सांगाडा: फ्लोअरचा पत्रा गंजलेला, आतलं लाकूड कुजलेलं, इंजिन कुणीतरी कधीच काढून नेलेलं. तो मुळाबरहुकूम उभा करायचा तर पत्रा नवा, लाकूड नवं, गाद्या नव्या, क्रोम नवं. एवढं सगळं विकत आणून बसवणारा तो जतनकर्ता, आणि त्याच सांगाड्याचं छत चार इंच उतरवणारा तो विध्वंसक! हा न्याय मला कळत नाही. दोघांत फरक आहे तो आवडीचा, आणि आवडीला कुणी नीतीचा साज चढवू नये. धडधाकट, चालती, एका घरात जपलेली सेडान कुणी कापायला निघाला तर मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. तिथे टीकाकारांचं शंभर टक्के खरं आहे.

शिवाय हॉट रॉड हाही आता वारसाच झाला आहे, हे ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणारं व्ही-८ इंजिन आणलं, ६५ अश्वशक्तीचं. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घेऊन मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर धावत होती. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. गंमत अशी, की या बंडखोरांतही सोवळं होतंच. मान उघड्या रोडस्टरांना, बंद छताच्या गाड्यांना तिथे बराच काळ मज्जाव. सेडान म्हणजे वडिलांची गाडी ना! पुढे १९९७ साली पेबल बीचच्या, जुन्या मोटारींच्या अतिशुद्ध प्रदर्शनाने हॉट रॉडना स्वतंत्र वर्ग दिला आणि डोन स्पेन्सरने घडवलेल्या १९३२ च्या रोडस्टरने तिथे पहिला मान मिळवला. आता कुणी स्पेन्सरच्या गाडीला करवत लावून दाखवावी. शुद्धतावादीच आधी आडवे येतील.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो जास्त वजनदार आहे, पण अर्धाच खरा. मूळ मॉडेल एची ताकद ४० अश्वशक्ती आणि ब्रेक सळयांवर चालणारे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते थेट १९३९ च्या मॉडेलांना. म्हणजे आजच्या हायवेवर ‘मूळ रूप’ ही काही सुरक्षिततेची हमी नाही. खरी गफलत होते ती त्याच चेसिसवर चौपट ताकदीचं इंजिन बसवून बाकीचं तसंच सोडल्यावर. जुन्या चेसिसच्या पट्ट्या एका बाजूने उघड्या असतात, पिळल्या जातात. आतून पत्रा वेल्ड करून त्या बंद कराव्या लागतात. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली घेतला की तेल मागे उतरतं आणि पहिल्या दाबाला पेडल पोकळ जातं, म्हणून लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो. स्टेअरिंगच्या लिंकचा कोन ॲक्सलच्या हालचालीशी जुळला नाही तर खड्ड्यात चाकं आपल्या मर्जीने वळतात. जाणता माणूस सगळं आधी टॅक मारून जोडतो, गाडी रंगाशिवाय चालवून बघतो, मग खोलून पक्कं वेल्डिंग करतो. ओबडधोबड वेल्डिंग आणि गंज मिरवणाऱ्या ‘रॅट रॉड’वाल्यांनी मात्र या कलेची बदनामी केली आहे. गंज मिरवा हवा तर, पण वेल्डिंग झाकावंसं वाटेल असं तरी करू नका!

तयार फायबरग्लासची बॉडी आणि खोक्यातून आलेलं इंजिन घेऊन चार आठवड्यांत हॉट रॉड उभी करणाऱ्यांबद्दल मला फारसं काही म्हणायचं नाही. घरी सेडान कापणं ही वेगळी विद्या आहे. कूपेपेक्षा सेडानचं छत लांब, खांब जास्त. आतून नळ्यांचा आधार दिल्याशिवाय करवत लावली की दारांच्या फटी कायमच्या बिघडतात. मॉडेल एचे खांब जवळजवळ सरळ आणि काचा सपाट, हे नशीबच. पुढच्या काळातल्या गाड्यांचे खांब कलते, तिथे छत खाली आणलं की खांब एकमेकांना भेटतच नाहीत. टुडोरच्या छताचा मधला भाग मुळात लाकडी कामट्यांवर ताणलेलं कापड होता. तिथे पत्रा बसवताना वेल्डिंग लांबलचक ओढलं की पत्रा लाटांसारखा उठतो; इथे एक ठिपका, तिथे एक, मध्ये थंड होऊ द्यायचं. हे हात शिकतात, पुस्तक वाचून येत नाही. खर्च वसूल होत नाही, हा तिसरा आक्षेप मी मान्य करून सोडून देतो. छंदाचा ताळेबंद कोण मागतं?

आपल्याकडे असली गाडी रस्त्यावर आणणं जवळपास अशक्यच. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते; मोठा फेरबदल केलेली चालत नाही. ब्रिटनमध्ये २०२५ पर्यंत फेरबदल केलेल्या गाडीला गुण देत: मूळ चेसिसला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टेअरिंगला प्रत्येकी दोन, इंजिनला फक्त एक. आठ गुण भरले नाहीत तर गाडीची स्वतंत्र तपासणी होई. आवडीनिवडीचा प्रश्नच येत नसे. आपल्याकडेही पुण्यात एआरएआयसारखी मोटारींची चाचणी घेणारी संस्था आहे. एखाद्या घरगुती गाडीचे ब्रेक, स्टेअरिंग आणि वेल्डिंग तपासून तिला होय किंवा नाही म्हणण्याची सोय तिथे झाली, तर ‘नाही’ ऐकून घरी जायला माझी तक्रार नसेल.