वायरिंग शिकायचं, पण त्या दिवसांची हजेरी कोण देणार?



दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा मी दरवर्षी शिकवतो. वितळतार, शॉर्टसर्किट, भूसंपर्क तार, सगळं फळ्यावर काढून. मुलं मार्कही मिळवतात.

दिवाळीत एक माजी विद्यार्थी भेटला. दहावीनंतर वडील आजारी पडले, आयटीआयचा विचार राहिला आणि तो एका ठेकेदाराकडे बिल्डिंगच्या वायरिंगला लागला. त्याला आता सहा वर्षं झाली. स्लॅब भरण्याआधी पाइप टाकणं, भिंतीत झिरी मारणं, वायर ओढणं, बोर्ड बसवणं, हात चांगला बसलाय. मी सहज विचारलं, “गीझरच्या पॉइंटला किती जाडीची वायर टाकतोस?”

“मिस्त्री देतील ती, सर.”

“आणि आर्थिंग?”

“सांगितलं तर ओढतो.”

2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर धारा घेतो, हे गणित त्यानेच माझ्या वर्गात सोडवलं होतं. वहीतून ते हातात उतरलंच नाही. यात माझाही वाटा आहे, हे कबूल करतो. पण त्याने जोडलेल्या बाथरूममध्ये उद्या कोणाचं तरी लेकरू अंघोळ करणार आहे, आणि स्वतः तो रोज बोर्डात हात घालतो.

मी म्हटलं, छोटं प्रशिक्षण असतं, कर. तर तो म्हणाला, “पंधरा दिवस वर्गात बसलो तर हजेरी कोण देणार?”

आपल्याकडे हजेरी म्हणजे वर्गातली उपस्थिती. साइटवर हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी. आयटीआयचा तारतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा. ज्याच्या पैशावर घर चालतं त्याला तो जमणार नाही. छोट्या प्रशिक्षणाची फी माफ केली की काम झालं असं सरकारी लोकांना वाटतं, पण खरा खर्च फीचा नाहीच, बुडालेल्या मजुरीचा आहे.

मग पैसा आणायचा कुठून? तो आहे. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर बसवला. 50 लाखांच्या बांधकामामागे 50 हजार रुपये बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी जमा होतात, आणि वायरिंग करणाराही बांधकाम कामगारच आहे. हा पैसा राज्यांकडे खर्चाविना पडून राहतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली चांगलंच सुनावलं होतं. भांडी आणि पेट्या वाटल्या की फोटो चांगले येतात, ते असो. माझं म्हणणं एवढंच की या निधीतून प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी द्या.

ठेकेदारानेच खर्च करावा असं काही जण म्हणतात. तो करणार नाही, आणि त्याचंही कारण आहे. पोरगा शिकला की शेजारच्या साइटवर दहा-वीस रुपये जास्त घेऊन जातो. उपकर मात्र सगळ्यांकडूनच घेतलेला असतो, त्यामुळे शिकलेला कामगार कुठेही गेला तरी नुकसान कोणा एकाचं होत नाही.

पैसे मिळतात म्हणून नुसते बसायला येतील, ही शंका मलाही आहे. म्हणून निम्मी मजुरी आठवड्याला द्या आणि उरलेली प्रात्यक्षिक परीक्षेनंतर. परीक्षाही लेखी नको. बोर्ड जोडून दाखव, आर्थिंग तपासून दाखव, आरसीसीबी का पडतोय ते शोध. पावसाळ्यात साइट मंदावते तेव्हा वर्ग घ्या. आयटीआयची कार्यशाळा संध्याकाळी बंदच असते, आणि निवृत्त निदेशक बोलावले तर येतील.

आपल्या पालकांमध्येही असे कामगार आहेत. कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, पण वर्गात विचारलं तर दोन-तीनच हात वर येतात. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला, एवढं लागतं. अडतं ते दाखल्यावर. सही द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात.

माझ्या त्या विद्यार्थ्याचा फॉर्म भरून तयार आहे, सहीची जागा तेवढी रिकामी आहे. रविवारी त्याच्यासोबत साइटवर जाणार आहे.