गाडी खाली, खर्च वर

मध्यमवर्गीय घरात मोटार येते तेव्हा ती कोणा एकट्याची नसते. हप्ते वडिलांच्या पगारातून जातात, हळदीकुंकू आई वाहते, मागच्या आसनावर आजी-आजोबा बसतात आणि किल्ली बहुधा घरातल्या तरुणाच्या हाती राहते. अशी गाडी एके दिवशी गॅरेजमधून परत येते ती जमिनीला टेकल्यासारखी बसकी होऊन. विचारले तर ‘लोअर केली’ एवढेच उत्तर मिळते. या हौसेची चर्चा होते ती गाडीच्या दिसण्यापुरती; तिचा हिशेब मात्र घरात क्वचितच मांडला जातो.

एक गोष्ट आधी मान्य करावयास हवी. गाडी खाली आणण्यामागे शास्त्र आहे. गुरुत्वमध्य जितका खाली, तितका वळणावर बाहेरच्या चाकांवर पडणारा जादा भार कमी. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या धावपट्टीवर शर्यतीच्या गाड्या जमिनीलगत असतात त्या याचसाठी. पण तेथे स्प्रिंगबरोबर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, चाकांचे कोन सारेच नव्याने जुळवलेले असते. आणि तेथे गतिरोधक नसतात. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. अशी गाडी प्रमाणाबाहेर खाली घेतली की खालच्या आर्मचा कोन बदलतो आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी झुकते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली सरकतो. झुकणे कमी व्हावे म्हणून केलेला खटाटोप झुकण्याला असा हातभार लावतो. ताठर स्प्रिंगमुळे ते लपते, इतकेच.

आता पैशांकडे वळू. नामांकित परदेशी बनावटीच्या आखूड स्प्रिंगांचा संच साधारण वीस-तीस हजारांच्या घरात जातो. उंची कमीजास्त करता येणारा पूर्ण संच घ्यावयाचा तर लाखाच्या आसपासची तयारी हवी. ही रक्कम जुळत नाही तेव्हा ग्राइंडर पुढे येतो. मूळ स्प्रिंगचा एखाद-दुसरा वेढा कापून टाकला की हजार-दोन हजारांत काम भागते. खरा धोका येथे आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठर होते. कापताना गॅस वापरला असेल तर उष्णतेने पोलादाचे पाणीच उतरते. चाक खड्ड्यावरून जाताना लोंबकळले की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. चाकाला वर सरकण्यास आठ सेंटिमीटर वाव होता असे धरले आणि गाडी पाच सेंटिमीटर खाली घेतली, तर उरतात तीन. त्यानंतर प्रत्येक मोठ्या खड्ड्याचा दणका रबरी ठोकळ्यावर आणि तेथून थेट बसणाऱ्याच्या मणक्यावर. पाठीचे दुखणे असलेल्या आजोबांना ‘गाडी स्पोर्टी झाली’ याचे कौतुक कसे वाटावे?

चाकांचे कोन बिघडल्याने टायर आतल्या कडेने झिजतात. वरून नक्षी शाबूत दिसते आणि आतून तारा उघड्या पडतात. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आणि बुशही मुदतीआधी रजा घेतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा व्यवहार.

गतिरोधकाचे गणित तर साधे आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. लहान गाडीचे पोट जमिनीपासून साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. त्यातून दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर वजा केले, चार माणसे आणि सामान यांच्या भाराने आणखी दोन-तीन सेंटिमीटर गेले की उरते नऊ. हे झाले मानकातल्या गतिरोधकाचे; गल्लोगल्ली रातोरात उभे राहणारे उंचवटे कोणतेच मानक जाणत नाहीत. ऑइल चेंबर आदळून फुटले आणि चालकाने लाल दिव्याकडे दुर्लक्ष केले, तर इंजिन जाम होण्यास काही मिनिटे पुरतात. म्हणून अशा गाड्या गतिरोधक तिरक्या ओलांडतात, खड्डा दिसताच एकदम बाजूला वळतात. शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराने त्यांचे काय घोडे मारले असते?

ही हौस जेथे प्रथम बहरली तेथील इतिहास पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या खाली आणल्या. त्यासाठी डिकीत वाळूची पोतीही ठेवली. त्यांची रीत होती खाली आणि हळू. गाडी मिरवावयाची, पळवावयाची नाही. चाकाच्या रिमच्याही खाली गाडीचा भाग जाऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केला, तेव्हा त्यांनी हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर उचलण्याची युक्ती काढली. ते बंधन १ जानेवारी २०२४ पासून उठले. आपल्याकडे मात्र बसकेपणा उचलला गेला आणि संथपणा तेथेच राहिला. अंधानुकरण म्हणतात ते हेच!

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद केली. नोंदणी प्रमाणपत्रात स्प्रिंगची लांबी लिहिलेली नसते, ही पळवाट हौशी मंडळी सांगतात. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकतो, तेव्हा या पळवाटेवर घराची बचत पणाला लावण्यात शहाणपण नाही.

मात्र केवळ बंदीने हौस मरत नाही. ती ग्राइंडरकडे जाते. जर्मनीत तपासलेल्या स्प्रिंगांना प्रमाणपत्र मिळते, बसवल्यावर अधिकृत तपासणी होते आणि गरजेप्रमाणे गाडीच्या कागदपत्रांत नोंदही होते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारखी संस्था हाताशी असताना असा मार्ग येथे अशक्य नाही. सरकारने तो आखावा. तोवर जुनी गाडी घेणाऱ्याने ती जॅकवर चढवून स्प्रिंगचे टोक बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे. कापलेल्या टोकावर ग्राइंडरच्या खुणा आणि गंज सहसा दिसतो.