साडेबारा टक्के

परवा शनिवारी पेंधरहून मेट्रोने बेलापूरला चाललो होतो. शेजारचे दोघे विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं की नाही यावर तावातावाने बोलत होते. दि. बा. कोण होते, हे मात्र दोघांपैकी कोणालाच नीटसं माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तळोज्यात फ्लॅट घेतला तेव्हा मलाही नव्हतं.

दि. बा. पाटील, जन्म १९२६, गाव उरणजवळचं जासई. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, शिकून वकील झाला. १९५७ साली शेकापतर्फे पनवेलचा आमदार. एकूण पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. पण मला हा माणूस मोठा वाटतो तो एका साध्या हिशोबासाठी.

१९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहायला लागली. सरकारचं म्हणणं, भातशेतीचा भाव घ्या आणि बाजूला व्हा. दि. बां.चं म्हणणं, या जमिनीवर शहर झाल्यावर जो भाव वाढेल त्यात शेतकऱ्याचाही वाटा हवा. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात यासाठी आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी गेले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. म्हणजे एकरामागे, चाळीस गुंठ्यांतले पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात!

आमच्या आयटीत पगाराबरोबर कंपनीचे शेअर्स मिळाले की आपण पेढे वाटतो. कंपनी वाढली तर आपणही वाढलो पाहिजे, हे आपल्याला अगदी रास्त वाटतं. मग ज्याने अख्खी जमीनच दिली, त्याने तेच मागितलं तर 'हे गाववाले पैशाला हपापलेत' असं आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. आणि गप्प बसलोय.

दि. बा. २०१३ साली गेले. नावाची पाटी लागावी, जरूर लागावी. पण त्यांचा हिशोब लक्षात ठेवणं जास्त गरजेचं आहे. जमिनी घेणं काही थांबलेलं नाही, उद्या कुठेतरी दुसरं शहर उभं राहीलच.

माझ्या बाल्कनीखालीही कधीकाळी कुणाचं तरी भात पिकत होतं. पुढच्या मीटिंगला एवढं तरी बोलेन म्हणतो.